सही कोणाची, ते आधी विचारा

मिरजेत नर्सिंग करून अमेरिकेत आलेल्या मुली मला फोन करतात, त्यांना नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून औषधही लिहून देणारी नर्स, व्हायचं असतं. कॉलेज, फी, परीक्षा, सगळं विचारतात. नोकरी कुठल्या राज्यात करणार, हा विषय शेवटी निघतो. माझंही तसंच झालं होतं.

पहिली नोकरी टेक्सासात, एल पासोच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये. इथे औषध लिहून द्यायचं तर डॉक्टरशी लेखी करार लागतो, अगदी मधुमेहाचं साधं मेटफॉर्मिन असलं तरी. चार महिन्यांत आमचे डॉक्टर सोडून गेले. करारात बदली डॉक्टर म्हणून ज्यांचं नाव होतं, तेही कधीच गेले होते. कागद कुणी बदलला नव्हता. सोमवारी सकाळी एक आजी आल्या. रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली त्यांनी टेबलावर ठेवली, झाकण काढून उलटी करून दाखवली. कोणतं औषध, किती, मला सगळं माहीत होतं. पण लिहून देता येईना. त्यांना दुसरीकडे पाठवावं लागलं, ते आजही मनाला लागतं.

तिथून गाडीने तासाभरावर लास क्रूसेस, म्हणजे न्यू मेक्सिको राज्य. माझ्याच वर्गातली मैत्रीण तिथे स्वतःच्या सहीवर तेच औषध देते. शिक्षण तेच, परीक्षा तीच.

काही राज्यं अशी स्वतःची सही देण्याआधी अनुभव मागतात. न्यूयॉर्कमध्ये 3,600 तास, इलिनॉयमध्ये 4,000 तास आणि वर 250 तासांचं प्रशिक्षण. नियम बदलतातही: व्हर्जिनियाने 2024 मध्ये पाच वर्षांच्या अनुभवाची अट तीनवर आणली. म्हणून राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा ताजा नियम स्वतः वाचा, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका.

टेक्सासात येणार असाल तर पगाराआधी करार मागा. एका डॉक्टरला साधारणपणे सात पूर्णवेळ जणांपर्यंतच औषध लिहिण्याचा अधिकार देता येतो, तेव्हा त्यांच्याकडे जागा आहे का? तुम्ही पाहिलेल्या रुग्णांचे चार्ट, म्हणजे नोंदी, ते किती तपासणार? डॉक्टरांबरोबरची महिन्याची बैठक खरंच होते की नुसतीच वहीत? माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी त्या बैठकीत मला खूप शिकवलं, एकेक चार्ट काढून “हा डोस का?” म्हणून विचारायचे. नवख्या माणसाला असा डॉक्टर हवाच, असं मला मनापासून वाटतं.

त्या करारात बदली डॉक्टरांची दोन नावं मी घालून घेतली. दोघं अजून इथेच आहेत ना, हे दर बैठकीत आधी विचारते.