संत्र्याच्या सालीतील सुगंध बाटलीत कसा उतरवावा

अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा येणारी, संत्री निघू लागली की घरोघरी सालींचा ढीग साचतो आणि उटण्यासाठी तो अंगणात वाळत घातला जातो. उन्हात त्या सालीतील सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे सुगंधी तेल, उडून जातो, हे मला पाहवत नाही. म्हणून तो घरच्या गंजातच (मोठ्या पातेल्यातच) धरून ठेवण्याची रीत येथे देत आहे.

साल वाकवून दाबली असता जो बारीक फवारा उडतो, तो बाहेरच्या केशरी थरातील तैलग्रंथी फुटल्यामुळे. या तेलाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या एकाच संयुगाचा असतो. मात्र संत्र्याचा वास संत्र्याचाच वाटतो, तो त्यात अत्यल्प असणाऱ्या ऑक्टॅनल, डेकॅनल यांसारख्या अल्डिहाइड गटातील संयुगांमुळे. साल ताजी आहे का, हे पाहायचे असेल तर फवारा थर्माकोलच्या तुकड्यावर उडवावा. लिमोनीन त्याला विरघळवते आणि तेथे खळगे पडतात.

साली त्याच दिवशीच्या घ्याव्यात. गळलेल्या हिरव्या फळांच्या सालीही चालतात, परंतु बुरशी लागलेली एकही साल नको, कारण तिचा कुबट वास तेलात उतरतो. बागेत फवारणी झालेली असते, त्यामुळे फळे सोलण्यापूर्वी चोळून धुवावीत. आतला पांढरा भाग शक्य तितका काढून टाकावा आणि केशरी थराचे बारीक तुकडे करावेत.

मोठ्या गंजाच्या मधोमध सपाट दगड ठेवून त्यावर काचेची किंवा स्टीलची वाटी ठेवावी. भोवती साली पसरून त्या बुडतील इतकेच पाणी घालावे. उकळी वाटीत उसळणार नाही, इतकी वाटी उंच हवी. झाकण उलटे ठेवावे, म्हणजे त्याची मूठ वाटीच्या बरोबर वर येते आणि थंड झालेले थेंब तिच्यावरून वाटीत पडतात. झाकणावर बर्फ किंवा गार पाणी ठेवून ते कोमट होताच बदलावे. झाकणाची कड कणकेने लिंपू नये. वाफेला वाट राहिलीच पाहिजे.

लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळते, मग चुलीवर ते निघते कसे? पाणी आणि त्यात न मिसळणारे तेल एकत्र तापवले की दोघांच्या वाफेचा दाब मिळून हवेच्या दाबाची बरोबरी करतो. त्यामुळे मिश्रण १०० अंशांच्या किंचित खालीच उकळते आणि तेल न करपता वाफेसोबत वर येते. म्हणून आच मंद असावी. घाईने आच वाढवली तर वाफ थंड होण्याआधीच कडेने निसटते आणि वास सगळ्या घरात पसरतो, वाटीत मात्र पाणीच उरते.

तासाभराने आच पूर्ण विझवावी आणि गंज निवाल्यावरच झाकण काढावे, कारण हे तेल पेट घेते. वाटीतील पाणी अरुंद काचेच्या नळीत ओतून स्थिर ठेवले असता तेल हलके असल्याने वर तरंगते. ते ड्रॉपरने उचलावे. किलोभर सालीतून चमचाभर निघाले तरी पुष्कळ झाले.

तेल गडद रंगाच्या, लहान आणि काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीत ठेवावे. हवा लागून लिमोनीनचे ऑक्सिडीकरण झाले की वास टर्पेंटाइनसारखा उग्र होतो, आणि असे जुने तेल त्वचेला ॲलर्जी करू शकते. पातळ न केलेले तेल अंगाला कधीच लावू नये.

याच गंजात रानातील रोशा हे सुगंधी गवतही उकळता येते. त्यातील जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबातही असणारे संयुग, सुमारे २३० अंशांना उकळते. त्यामुळे वेळ अधिक द्यावा लागतो.