छोट्या युनियनचा जुना हिशेब कसा लावावा

नव्या खजिनदाराच्या हाती बहुतेक वेळा एक पत्र्याची पेटी येते. आत पावतीपुस्तकं, व्हाउचरं, पासबुक आणि सुकलेला शिक्क्याचा पॅड.

आधी पावतीपुस्तकं क्रमांकाने लावा. 301 ते 350 चं पुस्तक गायब असेल तर आत्ताच लिहून ठेवा. पुढे ते तुमच्या नावावर येतं. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात युनियनला मान्यता मिळायला कामगारांपैकी किमान 30 टक्के सभासद लागत, आणि तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेला माणूस त्यात धरला जात नसे. म्हणजे पावती हाच सभासदत्वाचा पुरावा.

मग मोठ्या वहीत दर वर्षाला एक ओळ: सभासद, येणं वर्गणी, जमा वर्गणी, वकील-कोर्ट खर्च, इतर खर्च, शिल्लक. वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरा, कारण 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याखालचं वार्षिक विवरणपत्र 31 डिसेंबरपर्यंतचं असे. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तरी जुनी वर्षं जुन्याच मापाने वाचायची.

समजा 140 सभासद, महिना 30 रुपये. येणं 50,400. जमा 41,100. तूट 9,300, म्हणजे 310 मासिक वर्गण्या. कारखान्याच्या कुठल्या विभागातल्या, कुठल्या पाळीतल्या, हे पावत्यांवरून काढा. बहुधा रात्रपाळी निघते, कारण वर्गणी मागायला तिकडे कुणी जातच नाही.

आता खरी मेख. पगारवाढीचा करार झाला की कामगारांना मागच्या महिन्यांच्या वाढीचा फरक एकदम मिळतो, आणि त्या रकमेतून युनियन एकरकमी वर्गणी घेते. त्या वर्षी शिल्लक फुगते, कार्यकारिणी खूश होते, कपाट येतं, पंखे येतात. ही रक्कम लाल शाईने वेगळ्या रकान्यात लिहा आणि ती वगळून बेरीज करा. मधली वर्षं बहुतेक तोट्यात दिसतील. म्हणून तुलना मागच्या वर्षाशी करू नका. एका करारापासून पुढच्या करारापर्यंतचा काळ एकत्र धरा. तीन-चार वर्षांची तूट त्या एका रकमेतून भागली का, एवढंच बघा. भागली नसेल तर मासिक वर्गणी कमी आहे. ती वाढवायचा ठराव कराराच्या आधी मांडा. फरक हातात पडल्यावर कुणी ऐकत नाही.

राजकीय कामाचा पैसा यात मिसळू नका. त्याला स्वतंत्र निधी लागतो, आणि त्यात वर्गणी द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही.

वही तयार झाली की सर्वसाधारण सभेत लाल रकान्यासकट वाचून दाखवा. पंख्यांचं बिल सोबत ठेवा, ते विचारतातच.