डीएनबी कोऑर्डिनेटर म्हणून नवीन लागलात? मग हे वाचून घ्या

मुंबईतल्या एखाद्या ट्रस्टच्या नाहीतर प्रायव्हेट हॉस्पिटलात डीएनबी (एमबीबीएसनंतरचा नॅशनल बोर्डाचा स्पेशालिस्ट व्हायचा कोर्स) कोऑर्डिनेटर म्हणून लागलं की पहिल्या आठवड्यात काम नक्की काय ते कोणी नीट सांगत नाही. एचआर म्हणतं अकॅडेमिक्सचं आहे, डॉक्टर लोक म्हणतात नॅशनल बोर्डाचं सगळं तुम्हीच बघायचं, आणि रेसिडेंट्स, म्हणजे हा कोर्स करणारे डॉक्टर, तर हॉस्टेलच्या गिझरपासून स्टायपेंडपर्यंत सगळं तुमच्याच टेबलावर आणतात. माझ्या मते यातलं मुख्य काम एकच, रेसिडेंटच्या तारखा त्याच्या आधी तुम्हाला माहीत पाहिजेत. रात्रभर आयसीयूत उभं राहिलेल्या पोराला सात पानांची नोटीस फॉरवर्ड करून काही उपयोग नसतो, ती तुम्ही वाचायची आणि त्याला दोन ओळीत सांगायचं की अमुक तारखेपर्यंत अमुक कागद मला आणून दे.

जॉइनिंगपासून सुरुवात करा. नीट पीजीचं स्कोअरकार्ड, अलॉटमेंट लेटर, एमबीबीएसची डिग्री, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट, रजिस्ट्रेशन, असेल तर जातीचा दाखला, हे सगळं ओरिजिनलशी ताडून बघा आणि त्याच दिवशी स्कॅन करून प्रत्येकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका. नंतर मागितलं तर कोणाचं गावाला असतं, कोणाचं बँकेत. बाहेरच्या राज्यातून आलेल्यांचं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन करून घ्यायचं असतं, त्यासाठी त्यांच्या मूळ कौन्सिलकडून एनओसी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून ते पहिल्याच दिवशी सांगा. बोर्डाच्या पोर्टलवर जॉइनिंग भरताना नावाचं स्पेलिंग डिग्रीवर आहे तसंच टाका, कारण हेच नाव पुढे परीक्षेच्या फॉर्मवर लागतं.

आता थीसिस. सगळ्यात जास्त पळापळ इथेच होते. बोर्डाचा साधारण नियम जॉइनिंगपासून ९० दिवसांत प्रोटोकॉल (थीसिसचा आराखडा) सबमिट करायचा असा आहे, प्रत्येक बॅचसाठी नोटीस येते ती वेगळी बघून घ्या. ९० दिवस ऐकायला खूप वाटतात, पण त्यात गाइड ठरायचा, विषय ठरायचा, स्टॅटिस्टिशियनकडून सॅम्पल साइज काढून घ्यायचा आणि मग संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी, आणि कमिटीची मीटिंग काही रोज भरत नाही. म्हणून उलटं मोजत या. मीटिंगची तारीख आधी विचारून घ्या, त्याच्या पंधरा दिवस आधी कागद द्यायचे असतील तर त्याच्याही आधी गाइडची सही पाहिजे, म्हणजे खरं तर पहिल्या महिन्यातच विषय पक्का व्हायला हवा. रेसिडेंट नवीन असतो, तो एचओडी सरांना विचारायला घाबरतो, तिथे तुम्ही मध्ये पडा, सरांच्या पीएला विचारून ओटी कधी संपते ते बघा आणि त्या वेळेला पोराला घेऊनच जा. थीसिस मान्य झाल्याशिवाय पुढे डिग्री हातात पडत नाही, त्यामुळे इथे भीड धरू नका.

सुट्ट्यांचा हिशोब पहिल्या दिवसापासून ठेवा. वर्षाला ३० दिवस मिळतात, साधारणपणे उरलेल्या पुढच्या वर्षी ढकलता येत नाहीत आणि जास्त झाल्या तर तेवढं ट्रेनिंग लांबतं. शेवटच्या वर्षाला हे कळलं तर पोरं रडकुंडीला येतात, म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला आकडा पाठवा. मुंबईत अजून एक गंमत असते, मराठी पोरांना गणपतीला गावी जायचं असतं, मल्याळी पोरींना ओणमला आणि हे दोन्ही बहुतेक आसपासच येतं, मग दिवाळी, आणि दिवाळी झाली की लगेच बिहारवाल्यांची छठ. जूनमध्येच सगळ्यांना एकत्र बसवून कोणाला काय पाहिजे ते लिहून घ्या, चीफ रेसिडेंट आणि एचओडींना दाखवा, मग भांडणं बरीच कमी होतात. पावसाळ्यात परीक्षा किंवा फॅट (कोर्सच्या मध्येच होणारी बोर्डाची चाचणी) असेल तर सेंटरच्या जवळ आदल्या दिवशीच राहायला सांगा, हिंदमाताला पाणी भरलं आणि लोकल थांबली की पेपर तुमच्यासाठी थांबत नाही.

लॉगबुक (रेसिडेंटने केलेल्या कामाची नोंदवही), सेमिनार, जर्नल क्लबची हजेरी, हे रोजच्या रोज. मागून एकदम सह्या घेतल्या की तारखा जुळत नाहीत आणि इन्स्पेक्शनला ते लगेच दिसतं. जिल्हा रुग्णालयातलं तीन महिन्यांचं पोस्टिंग असेल तर ऑर्डर, राहायची सोय आणि तिथली हजेरी कोण पाठवणार हे निघायच्या आधी ठरवून ठेवा.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नसते. कोण खचतंय ते अनेकदा तुम्हालाच आधी दिसतं. रोज हसत येणारी मुलगी सही करून न बोलता निघून जाते, कोणी मेसेजला उत्तरच देत नाही, कोणी अचानक सीट सोडली तर काय होतं विचारतं. सीट सोडण्याचा नियम लगेच वाचून दाखवू नका, आधी बसवा, चहा मागवा, जेवलास का विचारा. १९९२ च्या केंद्राच्या निर्देशात रेसिडेंटला आठवड्याला ४८ तास आणि एका वेळेला १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको असं लिहिलंय, वॉर्डात प्रत्यक्षात काय चालतं ते आपल्याला माहितीये. रोस्टरमध्ये कोणाला सलग नाइट लागल्यात हे तुम्ही एचओडींच्या कानावर घालू शकता, नाव न घेता, आकडा दाखवून. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर नोटीस बोर्डवर लावा आणि ग्रुपवरही टाका, कोणाला एकट्यालाच पाठवलात तर त्याला आपल्याकडे बोट दाखवलंय असं वाटतं. रॅगिंगची तक्रार आली तर ती तोंडी ठेवू नका, लेखी घ्या आणि त्याच दिवशी रॅगिंगविरोधी कमिटीकडे द्या.

नाइट करून आलेल्याला सकाळी फोन करू नका, मेसेज टाका, तो उठला की बघेल. आणि फायनल परीक्षेचा फॉर्म भरायच्या दोन महिने आधी प्रत्येकाची फाइल एकदा समोर घेऊन बसा, सुट्ट्या, थीसिसची पावती, फॅटला बसल्याची नोंद, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, काय राहिलंय ते लाल पेनाने लिहा आणि त्याची यादी त्याच संध्याकाळी त्याला द्या.