जुना रेंजफाइंडर घेताय? आधी मोबाईल टॉवर बघा

दर पंधरा दिवसांनी कुणीतरी नवा घेतलेला जुना कॅमेरा घेऊन येतं आणि विचारतं, "काका, फोटो धूसर का येतात हो?" मी काही न बोलता कॅमेरा खिडकीशी नेतो आणि लांबच्या मोबाईल टॉवरवर रोखतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात तुम्ही लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघता. मधल्या पिवळसर चौकोनात दुसऱ्या, छोट्या खिडकीतली प्रतिमा येते. लेन्स फिरवली की ती सरकते. दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस झाला. ही जुळणी हलली असेल तर डोळ्याला सगळं छान दिसतं आणि रोल वाया जातो. पण दुकानात लोक काय तपासतात? शटरचा आवाज. "काय गोड वाजतोय!" म्हणायचं आणि पाकीट काढायचं.

मीही तेच केलं होतं. कॅननचा रेंजफाइंडर, कॅनोनेट क्यूएल17, चकचकीत, एक ओरखडा नाही. विकणारा म्हणाला, "एकदम ओके, साहेब." भाचीच्या लग्नात मांडवातला उजेड कमी म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडं ठेवलं, 1.7. अंतरपाट खाली आला, मी तिच्या नथीवर दोन प्रतिमा जुळवल्या आणि बटण दाबलं. रोल धुवून आला तेव्हा नवरी धुक्यात होती आणि मागच्या सनईवाल्याच्या टोपीवरच्या जरीच्या तारा मोजता येत होत्या. सबंध रोल तसाच. बहीण आजही त्या टोपीवरून टोमणे मारते. घरी येऊन लेन्स अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसवर ठेवली आणि टॉवरकडे बघितलं, तर टॉवर दोन! दुरुस्तीवाल्या काकांनी वरचं झाकण काढून एक इवलासा स्क्रू फिरवला. दहा मिनिटांचं काम, पण लग्न होऊन गेलेलं.

तेव्हापासून दोनच गोष्टी करतो. लेन्स अनंतावर ठेवून टॉवर एकच दिसतो का आणि प्रतिमा वर-खाली सरकलेली नाही ना, हे बघतो. मग खिशातली टेप काढून बरोबर एक मीटरवर पेपरचा मथळा जुळवतो आणि लेन्सवरचा आकडा वाचतो. दुकानदार तोंड वाकडं करतो. करू दे. ज्याला तेवढाही धीर नाही त्याने मोबाईलवर फोटो काढावेत.

दुसरी चूक याहून महाग पडते: कंपनी उरली आहे का हे न बघता इलेक्ट्रॉनिक बॉडी (लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा) घेणं. 1954 चा लायका एम3 आजही उघडून, साफ करून चालू करता येतो, कारण आत गिअर आणि स्प्रिंग आहेत. कॉन्टॅक्स जी2 किंवा कोनिका हेक्सार आरएफचं सर्किट गेलं तर सुंदर पेपरवेट उरतो. क्योसेराने कॉन्टॅक्स 2005 मध्ये आवरता घेतला, कोनिका मिनोल्टा 2006 मध्ये कॅमेऱ्यांतून बाहेर पडली. पार्ट आणायचे कुठून? आणि कंपनी जिवंत असली म्हणून निर्धास्त राहू नका. डिजिटल लायका एम9 च्या सेन्सरवर डाग पडायचे. कंपनीने बरीच वर्षं सेन्सर बदलून दिले, मग सेन्सरच संपले.

रेंजफाइंडर बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांचं पुढे काय, असं तरुण मंडळी विचारतात. जपानच्या कोसिनाने 2015 मध्ये बेसा नावाच्या रेंजफाइंडर बॉडी बंद केल्या, पण फोइग्टलेंडर नावाच्या लेन्स अजून काढते. मला हे शहाणपण वाटतं: बॉडी मरते, लेन्स दुसऱ्याच्या बॉडीवर जगते. लायकाने 2022 मध्ये फिल्मवाला एम6 पुन्हा आणला. फ्रान्समध्ये, घड्याळांच्या बझाँसों गावात, पिक्सी नावाची चिमुकली कंपनी डिजिटल रेंजफाइंडर बनवते. त्यांचं धाडस आवडतं. पण मी पैसे घालीन ते एम माउंटच्या, म्हणजे लायका एमच्या तोंडावर बसणाऱ्या लेन्सवर. उद्या पिक्सी नसली तरी ती लेन्स चालेल.

बाकीच्या चुका पटापट. याशिका इलेक्ट्रो 35 चा रोल पुढे नेणारा लिव्हर ओढताना आतून 'टक्' ऐकू आलं नाही तर ठेवून द्या, आतला रबरी पॅड विरघळलेला असतो. जुन्या कॅमेऱ्यांना लागणाऱ्या पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद झाल्यात, ॲडॉप्टरचा खर्च आधी धरा. झोर्की-4 वर आधी रोल पुढे ओढा, मगच शटर स्पीड बदला. सोन्याचा, नाझी चिन्हाचा स्वस्त 'लायका' दिसला तर तो बहुधा सोव्हिएत झोर्की किंवा फेड असतो. कापडी शटरचा कॅमेरा उघड्या लेन्सने उन्हात टाकू नका, पडद्याला भोक पडतं. मुंबई-कोकणातली लेन्स टॉर्च मारून बघितल्याशिवाय घेऊ नका, बुरशी जाळ्यासारखी दिसते.

आणि लेन्सची टोपी. ती लावलेली असली तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. गेल्या रविवारी माझ्या सहा फ्रेम कोऱ्या गेल्या.