सह्याद्रीतल्या लांब एमटीबी (माउंटन बाइक) राइडसाठी सामान भरताना या चुका टाळा

सामानाची यादी करायला बसलं की बहुतेक जण 'काय काय बिघडू शकतं' इथून सुरुवात करतात. मग यादी संपत नाही आणि सॅक पाच-सहा किलोंची होते. यादी करताना प्रत्येक वस्तूबद्दल दोनच गोष्टी विचारा. ही मोडली तर सायकल ढकलत न्यावी लागेल का? आणि वाटेतल्या गावात ही मिळेल का? ढकलावी लागणार असेल आणि गावात मिळणार नसेल, तर ती वस्तू कितीही जड असो, घ्यायचीच.

लोणावळ्याहून आंबवणे, भांबर्डे करत ताम्हिणीकडे जाणारी वाट डोळ्यांसमोर आणा. चहा, बिस्किटं, दोरी, फडकं एखाद्या वस्तीवर मिळून जाईल. पण अकरा स्पीडच्या (मागे अकरा गिअर असलेल्या) चेनची कडी किंवा तुमच्या डिस्क ब्रेकचे पॅड तिथे कुठून येणार? ते मिळायचे तर पुणं गाठावं लागतं.

ट्यूब घेतली, पण कुठली?

'29 ची ट्यूब द्या' एवढंच, म्हणजे चाकाचा इंचातला आकारच सांगून ट्यूब आणली जाते आणि व्हॉल्व्ह कोणी बघत नाही. श्रेडर, म्हणजे मोटरसायकलला असतो तो जाड व्हॉल्व्ह. प्रेस्टा बारीक असतो. प्रेस्टासाठी भोक पाडलेल्या रिममध्ये श्रेडर जातच नाही. उलट श्रेडरच्या भोकात प्रेस्टा रबरी वॉशर लावून चालवता येतो. तुमच्या चाकाला श्रेडर असेल तर पंप बिघडला तरी मोटरसायकलचं पंक्चर काढणाऱ्याकडे हवा भरता येते. प्रेस्टा असेल तर त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर लागतो. तो बोटाच्या पेराएवढा असतो, टोपणाच्या जागी व्हॉल्व्हवरच बसवून ठेवा म्हणजे हरवत नाही.

सुटी ट्यूब मल्टिटूलसोबत (अनेक पाने असलेलं घडीचं हत्यार) एकाच पाऊचमध्ये कोंबू नका. खडबडीत वाटेवर दिवसभर घासून ट्यूबला आतल्या आतच भोक पडतं, आणि ते कळतं ऐन वेळी. जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवली की काम झालं. पंक्चरच्या सोल्युशनचंही तसंच आहे. एकदा फोडलेली नळी काही महिन्यांत आत सुकते, बाहेरून मात्र भरलेली वाटते. निघायच्या आदल्या दिवशी दाबून बघा.

ट्यूबलेस आहे म्हणून ट्यूब न नेणं

आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यांना ट्यूबलेस टायर उत्तम तोंड देतो, म्हणून हा विश्वास बसतो. पण आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत आटून जातं. शिवाय धारदार दगडाने टायरची बाजू चिरली तर सीलंट आणि प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) दोन्ही हात टेकतात. तेव्हा आतून ट्यूबच टाकावी लागते.

ट्यूब टाकण्याआधी व्हॉल्व्ह काढा आणि मग टायरच्या आतून सावकाश बोट फिरवा. सीलंटने बुजवलेले काटे तिथे तसेच रुतून बसलेले असतात, कधी कधी आठ-दहासुद्धा. ते न काढता ट्यूब भरली तर पाचव्या मिनिटाला पुन्हा खाली उतरावं लागतं. चिरेच्या आतून जुन्या टायरचा बोटभर लांब तुकडा लावा. तो नसेल तर दुधाच्या पिशवीच्या चार-पाच घड्या घाला. एवढ्यावर हवा थोडी कमी ठेवून घर गाठता येतं.

पंपाबद्दलही सांगायला हवं. रोड बाईकचा बारीक पंप दाब भरपूर देतो, पण एका फटक्याला हवा थोडी. रुंद टायरला 20 ते 30 पीएसआय पुरतात, तिथे हवेचं आकारमान महत्त्वाचं. म्हणून जाड नळीचा पंप घ्या. सीओटूची, म्हणजे टायर झटकन फुगवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची, 16 ग्रॅमची कार्ट्रिज एकदाच वापरता येते, गळती सापडली नसेल तर तीही वाया जाते. हौस असेल तर घ्या, पण पंपाच्या जोडीला.

हँगर: सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू

मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) फ्रेमला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने जोडलेला असतो तो हँगर. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, म्हणजे पडल्यावर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. प्रत्येक कंपनीच्या, अनेकदा प्रत्येक मॉडेलच्या फ्रेमला तो वेगळा लागतो. 2019 साली सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने सर्वांना चालेल असा हँगर आणला, पण आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना तो बसत नाही. तेव्हा सायकल घेतानाच एक जादा हँगर घेऊन ठेवा. वजन नगण्य, आणि शहरातही तो लगेच मिळेल याची खात्री नसते.

उजव्या बाजूला पडल्यावर गिअर टकटक करायला लागले, तर पुढे जायच्या आधी मागून बघा. डिरेलर आत, स्पोककडे झुकलेला दिसला तर चढाला सगळ्यात हलका गिअर टाकू नका. तो टाकला की डिरेलर चाकात अडकतो, आणि मग हँगरसोबत डिरेलर आणि स्पोकही जातात. जवळ नवा हँगर नसेल तर डिरेलरच्या बोल्टमध्ये ॲलन की (षटकोनी पान्हा) घालून जुना हळूच बाहेरच्या बाजूला ओढून सरळ करता येतो, पण एकदाच. पुन्हा पुन्हा वाकवला की मोडतो.

मोडलाच तर डिरेलर काढून चेन आखूड करायची आणि मधल्या एकाच गिअरवर यायचं. मागे सस्पेन्शन असेल तर ते लॉक करूनच हा उपाय करा, कारण सस्पेन्शन दबताना चेन ताणली जाते.

यासाठी चेनटूल, म्हणजे चेनची पिन काढायचं हत्यार लागतं. क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) तुमच्या स्पीडचीच हवी, आठ स्पीडची कडी बारा स्पीडच्या चेनला चालत नाही. दोन घ्या. लिंक लावल्यावर ती वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबून धरा आणि पेडलवर जोर द्या. 'टक्' आवाज आला की बसली.

पावसाळ्यात ब्रेक पॅड न नेणं

वरंध घाटासारखा लांब उतार, संततधार आणि चिखल असेल तर रेझिनचे मऊ पॅड एका दिवसातही संपू शकतात. जून ते सप्टेंबर एक जोडी सॅकमध्ये असावीच. पॅडचे आकार वेगवेगळे असतात, म्हणून जुना पॅड दुकानात दाखवूनच नवे घ्या. चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका. पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क आत जात नाही. आलेच तर प्लास्टिकच्या टायर लिव्हरने (टायर काढायची पट्टी) हळू मागे ढकला. ब्रेक वायरचे असतील तर एक आतली वायर ठेवा.

पाणी आणि खाणं

ओआरएसचं 20.5 ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अख्खं अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकलं की द्रावण दुप्पट खारट होतं आणि मळमळतं. छोटी पाकिटंही येतात, त्यामुळे प्रमाण वाचूनच मिसळा. ऊन असेल तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा. मार्च ते मे घाटमाथ्यावरच्या कित्येक वस्त्यांवर टँकर येतो. तिथल्या हंड्यावर आपल्या राइडचा हिशोब बसवू नये, पाणी घरूनच न्यावं.

तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण 25 असतात. चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाण्याचे लाडू उत्तम. भूक लागायची वाट न बघता पहिल्या तासातच सुरू करा.

हत्यार घरीच वापरून बघा

मल्टिटूल नवं कोरं असताना त्याच्याकडे कोणी बघत नाही. डिस्कच्या बोल्टला बहुधा टी25 टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा पान्हा) लागतो, काही पेडलना 8 मिमीची ॲलन की. दोन्ही आहेत का, आणि तुमच्या सायकलच्या कोपऱ्यात पोचतात का, हे घरी सगळे बोल्ट एकदा सैल-घट्ट करून बघा. एम5चे (5 मिमी जाडीचे) दोन बोल्ट आणि चार झिप टाय (बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) ठेवा. थोडा डक्ट टेप पंपालाच गुंडाळा.

घाटात नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि यूपीआयवर न विसंबता सुट्या नोटा ठेवा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी परतायचं ठरलं असलं तरी दिवा घ्या. क्रेप बँडेज, गॉज आणि जंतुनाशक एका प्लास्टिकच्या पिशवीत भरा. मदतीसाठी 112 हा नंबर.

चार जण जाणार असाल तर पंप आणि चेनटूल दोघांकडे असू द्या, कारण पुढे गेलेल्याच्या सॅकमधलं हत्यार मागे अडकलेल्याला मिळत नाही. हँगर, पॅड आणि ट्यूब मात्र ज्याच्या त्याच्या सॅकमध्येच हवी.