पीठ मुरेपर्यंत गोधडीची एक ओळ

ताज्या पास्त्याला मशीन लागत नाही. २०० ग्रॅम बारीक रवा, १०० मिली कोमट पाणी. १० मिनिटं तळव्यानं रेटून मळा. आधी भुसभुशीत वाटलं तरी पाणी वाढवायची घाई नको. मग अर्धा तास मुरू द्या. नाशिकच्या कोरड्या थंडीत गोळ्यावर पटकन पापुद्रा धरतो, म्हणून ओलं सुती फडकं घट्ट पिळून झाका. तेवढ्यात मी गोधडीला धावदोऱ्याची एक ओळ घालते.

सुईला सरावलेली बोटं पुढे फार कामी येतात. हरभऱ्याएवढा तुकडा पोळपाटावर अंगठ्यानं दाबून ओढायचा, की वाटीसारखा वळतो. आपल्या नखुल्यांचीच ही बहीण! दक्षिण इटलीत याला ओरेकिएत्ते, म्हणजे छोटे कान, म्हणतात. उकळत्या मिठाच्या पाण्यात तरंगले की दोन-तीन मिनिटांनी एक चावून बघा.