सह्याद्रीत स्टोव्ह नेताय? या चुका टाळा

ट्रेकसाठी गॅसचा स्टोव्ह घ्यायला दुकानात गेलं की आधी बर्नर हातात घेतला जातो. किती हलका, घडी घालून मुठीत कसा मावतो, खोक्यावर ताकद किती किलोवॅट लिहिलीय. बेत काय आणि माणसं किती, हे घरी आल्यावर आठवतं. चौघांचा चहा-मॅगी आणि दहा जणांची खिचडी एकाच स्टोव्हवर होत नाही. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी तर वर झोपडीतच गरम पिठलं-भाकरी मिळते. तिथे दहा जणांचा शिधा आणि मोठी शेगडी वाहून नेण्यात काही अर्थ नाही, चहापुरता लहान बर्नर पुष्कळ झाला.

छोट्या बर्नरवर मोठा टोप

गॅसच्या छोट्या डब्याच्या, म्हणजे कॅनच्या, डोक्यावर फिरवून बसवायचा बर्नर एका-दोघांसाठी असतो. खाली उभा कॅन, त्यावर बर्नर, त्यावर टोप अशी उतरंड खडकाळ जागी मुळातच डुगडुगते. त्यात कुणी डाव घालून खिचडी ढवळायला लागलं की कलंडलीच. दीड-दोन लिटरच्या पातेल्यापुढे जाणार असाल तर स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, नळीने कॅनला जोडलेला बर्नर घ्या, नाहीतर चपटा कॅसेट स्टोव्ह.

कॅसेट स्टोव्हचीही एक खोड आहे. त्यात कॅन बर्नरच्या शेजारीच, झाकणाखाली आडवा बसतो. वर रुंद तवा किंवा पसरट टोप ठेवला की त्याची धग थेट त्या झाकणावर उतरते आणि आतला कॅन तापतो. दोन स्टोव्ह जोडून त्यावर एकच मोठा तवा टाकणं तर त्याहून वाईट.

वाऱ्याचा हिशोब न करणं

आपल्याकडे गॅस सगळ्यात जास्त खातो तो वारा. कोकणकड्याच्या बाजूला उघड्यावर स्टोव्ह लावून बघा: ज्योत आडवी होऊन पातेल्याच्या एका कडेने बाहेर पळते, पाणी कोमट होऊन तिथेच थांबतं, आणि कुणीतरी म्हणतं, ‘गॅस वाढव.’ सव्वादोन किलोवॅटच्या आसपासचा बर्नर पूर्ण उघडला तर तासाला साधारण १६० ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे २२० ग्रॅमचा कॅन जेमतेम ८० मिनिटं. आडोशाला एक लिटर पाणी १०-१५ ग्रॅममध्ये उकळतं, उघड्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट गॅस सहज जातो. म्हणून खोक्यावरच्या किलोवॅटला मी फार किंमत देत नाही. बर्नरचं तोंड खोलगट आहे का, पातेलं ज्योतीच्या जवळ बसतं का, हे आधी बघावं.

आडोसा करतानाही गडबड होते. कॅन बर्नरच्या खालीच असेल तर पत्र्याचा पडदा चारी बाजूंनी कधीच गुंडाळू नका. वाऱ्याच्या बाजूला दोन-तीन दगड रचा आणि एक बाजू मोकळी सोडा. मधूनमधून कॅनला हात लावून बघा. तो गारच लागायला हवा. कोमट लागला तर लगेच बंद करा. नळीवाल्या स्टोव्हभोवती मात्र पडदा बिनधास्त लावता येतो, कारण कॅन त्याच्या बाहेर असतो.

आणि वाऱ्याला किंवा पावसाला कंटाळून तंबूत स्टोव्ह पेटवणं ही चूक जिवावर बेतते. ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास. डोकं जड झालंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

‘कॅन संपला’ असं समजून फेकणं

डिसेंबरच्या पहाटे चहाला ज्योत मिणमिणते, पण कॅन हलवला तर आत द्रव डुचमळतो. गॅस आहे, तो गारठलाय. साध्या कॅनमधला ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्यामुळे पाच-सहा अंशांच्या थंडीत कॅनमध्ये दाब फारसा उरत नाही. शिवाय द्रवाचा वायू होताना उष्णता कॅनमधूनच घेतली जाते आणि तो आणखी गार पडतो. रात्री कॅन स्लीपिंग बॅगमध्ये घ्या किंवा ताटलीत बोटाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात उभा करा. उकळतं पाणी किंवा दुसऱ्या ज्योतीची ऊब अजिबात नको. हिमालयात बर्फात जाणार असाल तर नुसता ब्यूटेन उपयोगाचा नाही, आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण लागेल. प्रोपेन उणे ४२ अंशालाही उकळतो.

ज्योत पिवळी होऊन पातेलं काळं पडत असेल तर जेटमध्ये, म्हणजे गॅस बाहेर येतो त्या बारीक भोकात, कचरा असू शकतो. फुंकर मारा, पण सुई खुपसू नका. भोक मोठं झालं की तो बर्नर गेला.

डाळ शिजत नाही म्हणून मात्र स्टोव्हला दोष देऊ नका. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. मुगाची डाळ घरूनच भिजवून न्या किंवा सरळ लहान कुकर घ्या.

कॅन न बघता बर्नर घेणं

आटे असलेला बुटका कॅन आणि लांबट, स्प्रेच्या डब्यासारखा कॅन यांची तोंडं वेगळी असतात. बर्नर कुठला आहे आणि तुमच्या शहरात कुठला कॅन सहज मिळतो, हे जुळवूनच पैसे द्या. गावातल्या दुकानात यातलं काही मिळेल या भरवशावर राहू नका. लांबट कॅन आडवा बसवताना त्याच्या कडेवरची खाच वरच्या बाजूला यायलाच हवी. ती चुकली तर वायूऐवजी द्रव बर्नरमध्ये येतो आणि भडका उडतो. जोडणीला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसले तर पेटवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खोलगट जागेत साचून राहतो.

घरच्या सिलेंडरमधून असे कॅन भरून देणारे भेटतात. स्वस्त पडतं म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

कसारा लोकलने निघणाऱ्यांसाठी: रेल्वेत गॅसचे कॅन, स्पिरिट, रॉकेल चालत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विमानात कॅन ना हातातल्या बॅगेत नेता येतो, ना चेक-इनमध्ये. गाडीने जात असाल तर मे महिन्यात कॅन बंद गाडीत उन्हात सोडू नका. बहुतेक कॅनवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते.

परतताना बर्नर कॅनवरून काढूनच सॅकमध्ये भरा. रिकामा कॅन शेकोटीत टाकायचा नाही. तळाशी उरलेला गॅसही स्फोटाला पुरतो. रिकामा कॅन सोबत खाली आणा.